विभक्त खणांची संसृष्टि

संगणक घरोघर आला तसा ‘वांटणी’ हा शब्दही नव्या अर्थानें घरांत शिरला. ही वांटणी भाऊबंदांची नव्हे. यंत्राच्या पोटांत साठवणुकीची जी तबकडी असते, तिची. (नव्या यंत्रांत फिरणारी तबकडी नसून नुसत्या चिपा असतात, परंतु जुनें नांव आम्ही सोडीत नाहीं.) यंत्र दुकानांतून येतें तेंच बहुधा सी व डी, क्वचित् ई, अशा खणांत विभागलेलें. कोणता खण केवढा असावा हें घरांतील कोणास विचारलेलें नसतें. चार-पांच वर्षें सरलीं कीं सी काठोकाठ भरतो, त्याच्यापुढें तांबडी पट्टी दिसूं लागते, दरमहा येणाऱ्या सुधारणा आंत घेण्यास जागा उरत नाहीं. आणि शेजारचा डी अर्ध्याहून अधिक मोकळा पडलेला असतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची नियमित सेवा थांबली, तेव्हांपासून ही अडचण अधिक घरांस जाणवूं लागली आहे, कारण विंडोज ११ घ्यावयाचें तर सीमध्यें ऐसपैस जागा हवी. दुरुस्ती करणाऱ्यास विचारावें, तर तो एका वाक्यांत निकाल देतो : “सगळें पुसून नव्यानें घालावें लागेल.”

हें उत्तर ऐकून घरांत काय होतें हें आम्ही जाणतों. त्या दोन खणांत लग्नामुंजीचीं छायाचित्रें असतात, मुलांचे अभ्यास असतात, एखाद्या वडीलधाऱ्या माणसानें कुलवृत्तान्तासाठीं वर्षानुवर्षें जमविलेलीं नांवें असतात. म्हणून अलीकडे कांहीं वाचकांनीं आम्हांस विचारलें आहे कीं, सर्व पुसून न टाकतां हे दोन खण एक करतां येतील काय ? येतील. परंतु ‘एक करणें’ ह्या शब्दांचा येथें अर्थ काय, हें आधीं नीट समजून घेतलें पाहिजे. घात होतो तो ह्या शब्दांमुळेंच.

आमच्या धर्मशास्त्रांत विभागाचें प्रकरण जेवढें विस्तृत आहे तेवढें पुनरेकीकरणाचें नाहीं. तरी तें आहे. विभक्त झालेले दायाद आपलें धन पुन्हां एकत्र करून राहूं लागले म्हणजे त्यांस ‘संसृष्टी’ म्हणतात. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेप्रमाणें अशी संसृष्टि पिता, भ्राता व पितृव्य यांच्याशींच होऊं शकते. नीलकंठभट्टानें व्यवहारमयूखांत ही गणना केवळ उदाहरणादाखल मानून मर्यादा सैल केली. तरी मूळ वांटणींत जे सहभागी होते त्यांच्यांतच संसृष्टि, हा नियम राहिलाच. संगणकाचा नियम ह्याहूनही कडक आहे. तेथें नातें पाहत नाहींत, शेजार पाहतात. जो खण वाढवावयाचा त्याच्या लगत, उजव्या अंगास, मोकळी जागा असली पाहिजे, आणि ती त्याच तबकडीवर असली पाहिजे.

दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे. भाऊ संसृष्ट होतात तेव्हां दोघांचींही भांडींकुंडीं एका घरांत येतात. येथें तसें होत नाहीं. भरलेले दोन खण आहेत तसे जोडून देईल अशी आज्ञाच विंडोजच्या ह्या व्यवस्थेंत नाहीं. ज्या आज्ञा आहेत त्या दोन : एक खण पाडण्याची, आणि त्याच्या मोकळ्या झालेल्या जमिनीवर शेजारच्या खणाची सीमा पुढें नेण्याची. पाडलेल्या खणांत जें होतें तें जमिनीबरोबर येत नाहीं. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबांत दुरुस्तीस आलेल्या तरुणानें “जोडून देतों” असें म्हणून डी पाडला, तेव्हां त्यांतील सात वर्षांचीं छायाचित्रें कोठें गेलीं हें कोणासच उमजेना. सुदैवानें घरच्या मुलीनें तत्काळ यंत्र बंद करविलें व तें तज्ज्ञाकडे नेलें. फिरत्या तबकडीवर खण पाडला असतां प्रथम त्याची नोंद तेवढी खोडली जाते, आंतील मजकूर त्यावर दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत टिकून असतो. म्हणून त्यांचें बरेंचसें परत मिळालें. चिपांच्या साठवणुकींत एवढाही भरंवसा धरूं नये.

खोडली गेलेली ही नोंद असते तरी कोठें ? तबकडीवर भिंती नसतात. जुन्या पद्धतींत तबकडीच्या अगदीं पहिल्या ५१२ बाइटांत चौसष्ट बाइटांचा एक लहानसा तक्ता असतो, त्यांत सोळा-सोळा बाइटांच्या चार ओळी; अमुक खण ह्या आंकड्यापासून सुरू होतो व इतका लांब आहे, एवढेंच तेथें लिहिलेलें असतें. सबंध घराचें वांटणीपत्र चौसष्ट बाइटांत ! जीपीटी नांवाच्या नव्या पद्धतींत सामान्यतः १२८ नोंदींची सोय असते, व त्या तक्त्याची एक प्रत तबकडीच्या शेवटीं राखून ठेविलेली असते, ही सुधारणा आम्हांस फार आवडली. आतां ध्यानांत येईल कीं सीची उजवी सीमा पुढें सरकविणें म्हणजे मुख्यतः कांहीं आंकडे बदलणें होय. सी जेथें सुरू होत होता तेथेंच सुरू होतो. विंडोज, त्यांतील प्रोग्राम, सर्व जागच्या जागीं राहतें. म्हणूनच कांहींही नव्यानें घालावें लागत नाहीं, व काम कांहीं क्षणांत उरकतें. ह्याउलट मोकळी जागा खणाच्या डाव्या अंगास असेल तर त्याचा आरंभच बदलावा लागतो, व आंतील सर्व सामान वाहून न्यावें लागतें. विंडोजची स्वतःची व्यवस्था हें करीत नाहीं. २००४ सालीं निघालेला जीपार्टेड नांवाचा मोफत प्रोग्राम करतो. परंतु तें काम तासन्‌तास चालतें, आणि मध्यें वीज गेली तर काय होईल हें सांगावयास नको.

मग दुरुस्तीवाले पुसण्याचा सल्ला कां देतात ? तो सल्ला एके काळीं खराच होता. आयबीएमच्या १९८३ सालच्या एक्सटी यंत्रांत दहा मेगाबाइटांची तबकडी असे. ए व बी हीं अक्षरें फ्लॉपींकडे गेलेलीं असल्यामुळें तबकडीस सी मिळालें, आणि तेंच आजवर चालत आलें. डॉसच्या आरंभींच्या आवृत्त्यांत बत्तीस मेगाबाइटांहून मोठा खण करतां येत नसे, म्हणून तबकड्या मोठ्या झाल्या तेव्हां त्या तोडणें भागच पडलें. त्या काळचा एफडिस्क हा प्रोग्राम खण बांधूं किंवा पाडूं जाणे, वाढवूं जाणत नसे. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्येंही ज्या खणांत स्वतः विंडोज राहतें तो तिच्याच साधनानें वाढवितां येत नव्हता. ही सोय २००७ मध्यें सामान्य जनांस मिळालेल्या व्हिस्टापासून आली. म्हणजे हा सल्ला जुना होऊन बरींच वर्षें लोटलीं. देणाऱ्यांस त्याचा पत्ता नाहीं, किंवा पुसून घालणें त्यांस सोपें जातें.

आमच्या घरच्या यंत्रांत ५०० गिगाबाइटांची तबकडी आहे. विंडोज १०२४ च्या हिशेबानें मोजीत असल्यामुळें ती ४६५ दाखविते, त्यांत कोणी चोरी केलेली नसते. सीस सुमारें शंभर, बाकी डीस. सीमध्यें तीन गिगाबाइट उरले होते, डीमध्यें एकशें चाळीस भरले होते. पाडण्यापूर्वीं आम्हीं घरांतील प्रत्येकास बसवून डीमध्यें त्याचें काय काय आहे हें लिहून घेतलें, आणि आमच्या मतें सर्व कामांत हेंच काम मोठें. एकत्र कुटुंबाच्या यंत्रांत कोणी काय ठेविलें आहे हें एका माणसास कधींच ठाऊक नसतें. सूनबाईंचा हिशेबाचा प्रोग्राम सीवर होता, परंतु त्याच्या वर्षावर्षाच्या नोंदी डीवर. त्या हलविल्यावर नवा ठिकाणा प्रोग्रामास सांगावा लागला. नातवानें दोन खेळ डीवर बसविले होते. बसविलेला प्रोग्राम हा कागदाप्रमाणें उचलून नेतां येत नाहीं. तो काढून सीवर पुन्हां बसवावा लागतो. ‘विंडोज पुन्हां घालावें लागत नाहीं’ ह्या विधानास एवढा अपवाद ध्यानांत ठेवावा. तिसरी गोष्ट अशी निघाली कीं ‘डॉक्युमेंट्स’ हें कपाट दिसण्यांत सीचें, परंतु कोणीतरी त्याचा मुक्काम डीवर हलविलेला. त्याच्या प्रॉपर्टीजमधील ‘लोकेशन’ ह्या पानावरून तें स्वस्थानीं परत आणावें, तसेंच टाकून डी पाडूं नये.

नंतर डी सबंध एका बाहेरील तबकडीवर उतरविला. संध्याकाळीं लावलेली नक्कल जेवणें आटोपेपर्यंत चालली. दोहोंकडील फायलींची संख्या व बाइटांची बेरीज ताडून पाहिली, प्रत्येक वर्षाचीं दोन-चार छायाचित्रें उघडून पाहिलीं, आणि मग ती तबकडी यंत्रापासून सोडवून फडताळांत ठेविली. सोडविणें आवश्यक आहे. भलताच खण पाडण्याचे प्रकार जोडून ठेवलेल्या दुसऱ्या तबकडीमुळेंच घडतात.

पुढील कृति थोडक्यांत अशी. स्टार्टच्या खुणेवर उजवी कळ दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावें. खालच्या अंगास तबकडीचा आडवा नकाशा दिसतो. सी व डी दोन्ही एकाच ओळींत, म्हणजे ‘डिस्क ०’ समोर, आहेत ना, हें प्रथम पाहावें. अलीकडे पुष्कळ यंत्रांत सी चिपांवर व डी निराळ्या तबकडीवर असतो, तेथें विषयच संपला. डीवर उजवी कळ दाबून ‘डिलीट व्हॉल्यूम’, इशारा वाचून होकार. त्या जागीं काळ्या पट्टीखालीं ‘अनअलोकेटेड’ असें येतें. मग सीवर उजवी कळ, ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’, आणि पुढें विचारील तेथें ‘नेक्स्ट’. आमचा सी एका मिनिटाच्या आंत ४६० च्या घरांत गेला. बिटलॉकरचें कुलूप असलेल्या यंत्रांत ह्या कामापूर्वीं त्याची अठ्ठेचाळीस आंकड्यांची किल्ली कागदावर उतरून ठेवावी, व कुलूप तात्पुरतें स्थगित करावें.

पुष्कळांस येथें असा अनुभव येईल कीं ‘एक्स्टेंड’ हा शब्द फिकट आहे, दाबतां येत नाहीं. जुन्या यंत्रांत त्याचें कारण हिरवी चौकट हें असतें : डी हा ‘एक्स्टेंडेड’ नांवाच्या मोठ्या खणाच्या पोटांतला खण असतो, तो पाडला तरी बाहेरची चौकट उभी राहते, तीही पाडल्याशिवाय जमीन काळी होत नाहीं. मात्र त्या चौकटींत ई असेल तर त्याचेंही सामान आधीं हलविलें पाहिजे. नव्या यंत्रांत कारण निराळें. सी व डी यांच्यामध्यें कांहींशें मेगाबाइटांची ‘रिकव्हरी’ म्हणून एक चिंचोळी पट्टी असते. विंडोज आजारी पडलें तर त्यास उठविण्याची साधनें तींत असतात. ती आडवी आल्यामुळें शेजार तुटतो. ही पट्टी हलविणें अशक्य नाहीं, परंतु तें अनुभवी माणसाचें काम आहे. नुसती पाडूं तर मुळींच नये. आणि लांबची जागा घेऊं पाहतां यंत्र तबकडी ‘डायनॅमिक’ करण्याविषयीं विचारील, तेव्हां नकार द्यावा. मायक्रोसॉफ्टनें ती पद्धत आतां त्याज्य ठरविली आहे, व विंडोजच्या साधनांनीं तींतून परत यावयाचें तर सर्वच खण पाडावे लागतात.

अशा घरांसाठीं एक मधला मार्ग आहे, व तो फारच थोड्यांस ठाऊक असतो. सीमध्यें एक रिकामें फोल्डर करावें. मग त्याच नकाशांत डीवर उजवी कळ दाबून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’ येथें त्या फोल्डराचें नांव द्यावें. डी जेथें होता तेथेंच राहतो, एक अक्षरही हलत नाहीं, परंतु सींतून वाट काढल्याप्रमाणें त्याचें सर्व सामान त्या फोल्डरांत दिसतें. छायाचित्रें त्यांत ठेवीत जावें, म्हणजे सीवरचा भार आपोआप हलका होतो. चूल वेगळी, पण माजघरांत दार, असा हा प्रकार आहे. सुधारणांस लागणारी जागा मात्र सीमध्यें ह्यानें वाढत नाहीं.

एका आक्षेपाचा विचार करणें अवश्य आहे. खण निराळे असले म्हणजे विंडोज बिघडून सी पुसावा लागला तरी डी वांचतो, तेव्हां एकच खण करणें अविचाराचें, असें कित्येक जाणते म्हणतात. म्हणणें खरें आहे, परंतु अर्धें. सी व डी एकाच तबकडीचे अंश. ती तबकडीच बंद पडली तर दोघेही त्याच क्षणीं जातात. आम्हीं अशीं घरें पाहिलीं आहेत कीं जेथें सर्व छायाचित्रांची ‘सुरक्षित प्रत’ म्हणून सींतलीं छायाचित्रें डीवर ठेविलेलीं असत. डीवरची प्रत ही प्रत नव्हे. फडताळांतली ती बाहेरील तबकडी आम्हीं काम झाल्यावर मोकळी केली नाहीं. आतां दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं नातू ती जोडून नवें तेवढें उतरवितो, व पुन्हां काढून ठेवतो.

संसृष्टीनंतर पहिले कांहीं दिवस वर्ड वगैरेंतील ‘अलीकडील कागद’ ह्या यादींतले पुष्कळसे कागद उघडणार नाहींत. ती यादी अजून डीचें नांव घेत असते. कागद सींतल्या नव्या ठिकाणावरून एकदां उघडला म्हणजे यादी सुधारते. आणि रिकामें झालेलें ‘डी’ हें अक्षर नंतर जोडल्या जाणाऱ्या एखाद्या पेनड्राइव्हास मिळण्याचा संभव आहे. आमच्या घरीं तसेंच झालें. वहिनी “गेलेला डी परत आला” म्हणून सांगत आल्या, तो सत्यनारायणाच्या प्रसादाची यादी छापून आणण्याकरितां मुलानें लावलेला पेनड्राइव्ह होता.