रक्तातच असतं म्हणे!

युरोपातल्या जुन्या नाइट लोकांच्या कथांबद्दल हल्ली एक गोष्ट फार ऐकू येते. म्हणे त्या माणसाने आपला मार्ग आपणच निवडल्याच्या कथा आहेत. आतून हाक आली, पोरगं घर सोडून निघालं आणि वीर झालं! करिअर मार्गदर्शनाच्या भाषणांतही हेच. तुमच्या दगडातली तलवार तुम्हीच उपसा वगैरे. ऐकायला छान आहे हो. पण मंडळी, मूळ गोष्टी कोणी वाचतं का? आर्थरच्या हाती तलवार आली ती मनगटाच्या जोरावर नव्हे, तो उथर राजाचा मुलगा होता म्हणून. बाकीचे ओढून ओढून दमले. ती तलवार म्हणजे हिमतीची परीक्षा नव्हतीच मुळी, जन्माचा दाखला होता!

मॅलरीचं आर्थरवरचं पुस्तक कॅक्स्टनने १४८५ साली छापलं. निवृत्तीनंतर मी ते डिक्शनरी शेजारी ठेवून वाचलं (मराठी माध्यमाची बी.ए., दुसरा उपाय काय!). त्यातली टॉरची गोष्ट कोणीच सांगत नाही. आर्थरच्या लग्नात एरीज नावाचा एक गरीब गुराखी येतो. बरोबर तरुण मुलगा. ह्याला नाइट करा म्हणतो. राजा विचारतो, ही इच्छा तुझी की ह्याची? गुराखी म्हणतो, ह्याचीच. मला तेरा मुलगे आहेत, बाकीचे सांगेल ते काम करतात, हा मात्र कामाला हात लावत नाही, सारखा नेमबाजी करत असतो नाहीतर लढाया बघायला पळतो.

इथवर वाचताना मी अगदी सावरून बसले होते. आली, निवड आली! पण पुढे काय? राजा बाकीच्या बारा जणांना बोलावून घेतो. ते सगळे बापासारखे दिसतात, टॉर दिसत नाही. त्याला नाइट केलं जातं आणि मग मर्लिन सांगतो, अहो, हा गुराख्याचा नव्हेच, हा पेलिनॉर राजाचा. आईला बोलावतात. ती बिचारी भर दरबारात सांगते की लग्नाआधी ती गाईंचं दूध काढायला गेली असताना एका दांडग्या सरदाराने अर्ध्या जबरदस्तीने तिला भोगलं. आणि गुराखी? तो म्हणतो, खरंच असणार, माझ्यासारखं ह्याच्यात काहीच नाही.

म्हणजे गुराख्याच्या पोराला ढाल-तलवारीची ओढ लागली हे लेखकाला पटतच नाही. त्यापेक्षा आईची अब्रू गेलेली चालेल.

गॅरेथचंही तेच. वर्षभर स्वयंपाकघरात खरकटं काढतो. सर के त्याची थट्टा करतो, म्हणतो, हा कुलीन असता तर जेवण मागितलं नसतं, घोडा आणि चिलखत मागितलं असतं. वाटतं, आता ह्या के महाशयांची जिरणार. जिरते, पण कशी? गॅरेथ निघतो लॉट राजाचा मुलगा, साक्षात आर्थरचा भाचा. के चुकला तो माणूस ओळखण्यात, त्याचा नियम शाबूतच राहिला! (आपला कर्ण आठवला असेल तुम्हाला. आठवू दे.)

तुम्ही म्हणाल, पाचशे वर्षांपूर्वीच्या गोष्टींवर ही बाई एवढी का तापली? कारण हा सर के मी तीस वर्षं शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना पाहिलाय. डॉक्टरांचा मुलगा नापास झाला की 'अभ्यास केला नाही'. गवंड्याचा झाला की 'त्याच्यात नाहीच हो'. एकदा एका गवंड्याच्या मुलीला गणितात पैकीच्या पैकी मिळाले. तर एक गुरुजी तिच्या घराण्यात कोणी शिकलेलं निघतंय का ते शोधत बसले. सापडेना, तेव्हा म्हणाले, आजोळकडून आलं असेल. ती पोर पहाटे उठून रस्त्यावरच्या दिव्याखाली गणितं सोडवायची, हे कोणी विचारलंच नाही.

ह्या सगळ्या गर्दीत खरोखर स्वतःला निवडणारा मला एकच भेटला, तो म्हणजे सर्व्हांटिसचा डॉन किहोटे. पहिला भाग १६०५चा, दुसरा १६१५चा. पन्नाशीचा माणूस, आठ दिवस विचार करून स्वतःचं नाव स्वतः ठेवतो. खानावळवाला चाऱ्याच्या हिशेबाची वही मंत्र म्हटल्यासारखी पुटपुटत त्याला नाइट करतो. आणि ह्यालाच जग वेडा म्हणतं! पण गंमत बघा, पुस्तकं वाचून वाचून तोसुद्धा बाटलेला. एके ठिकाणी तो सॅन्चोला म्हणतो की कोणी पंडित माझी वंशावळ शोधेल आणि मी राजाचा पाचवा-सहावा वंशज निघेन. त्यालाही दाखला हवाच.

त्याची निवड दुसऱ्याला महाग पडते, तेही सर्व्हांटिस लपवत नाही. झाडाला बांधून मार खाणाऱ्या आन्द्रेस नावाच्या पोराला तो सोडवतो आणि पुढे निघून जातो. त्याची पाठ वळताच मालक पोराला पुन्हा बांधून आणखी झोडपतो. नंतर भेटल्यावर तो पोरगा म्हणतो, माझे तुकडे होत असले तरी कृपा करून मला वाचवायला येऊ नका. करिअरच्या भाषणांत हा आन्द्रेस कधी आलेला ऐकला नाही.

मला विचाराल तर खरं उत्तर सॅन्चो पान्झाकडे आहे. निरक्षर शेतकरी. कोणी राजा त्याचा गुप्त बाप निघत नाही. थट्टा म्हणून त्याला एका गावाचा सुभेदार करतात आणि हा असे चोख निवाडे करतो की थट्टा करणारेच चाट पडतात. कुठून आलं हे? सर्व्हांटिस एकही आजोळ शोधत नाही! आणि मग एके दिवशी सॅन्चोच ठरवतो की हे आपलं काम नव्हे. तबेल्यात जातो, गाढवाला मिठी मारतो, स्वतःच्या हाताने खोगीर चढवतो. जाताना मागतो ते एवढंच, गाढवासाठी थोडं जव, आणि स्वतःसाठी अर्धी पाव-भाकरी नि चीजचा अर्धा गोळा.