गॅलरीची सळई वरच हवी

एम-२० दर्जाचे काँक्रीट म्हणजे १५० मिलिमीटरचा ठोकळा २८ दिवसांनी यंत्रात दाबला असता दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन सोसणारे. हा आकडा दाबाचा. तेच काँक्रीट ओढले, तर या आकड्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच तग धरते. पोलादाचे तसे नाही. ओढा वा दाबा, ताकद जवळपास तेवढीच. (लांब, बारीक सळई दाबल्यावर वाकते, ती गोष्ट वेगळी.) म्हणून जिथे ताण, तिथे सळई, हा आरसीसीचा हिशेब.

घोटाळा होतो तो छज्जा आणि गॅलरीत. दोन भिंतींवर टेकलेला स्लॅब मधोमध खाली वाकतो. ताण खालच्या अंगाला येतो, मुख्य सळयाही तिथेच असतात. गॅलरी एकाच बाजूने धरलेली. तिचे मोकळे टोक झुकते आणि ताण वरच्या अंगाला येतो, तोही भिंतीलगत सर्वाधिक. तिथल्या मुख्य सळया वरच हव्यात. पण स्लॅब भरताना मजूर त्यांवर पाय देत घमेली नेतात, खालून आधार अपुरे असतात आणि सळया तळाला दबतात. वरून सगळे गुळगुळीत. ठोकळ्याची चाचणीही उत्तीर्ण, कारण ती दाबाची!

दोष मजुराच्या माथी मारणे सोपे आहे. चालायला फळ्या टाकणे हे कंत्राटदाराचे काम आणि ते झाले की नाही हे बघणे अभियंत्याचे. घरमालकानेही काँक्रीट येण्याआधी टेप घेऊन गॅलरीची सळई तळापासून किती उंच आहे आणि भिंतीच्या आत किती लांब गेली आहे, हे मोजावे. नकाशाशी जुळत नसेल, तर त्या दिवशीचे काम खुशाल थांबवावे.