मुठीने तलवार मोडावी का?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्या मंडळींत काही वाद वर्षानुवर्षं मिटत नाहीत. त्यातला माझा आवडता वाद म्हणजे, निःशस्त्र लढणाऱ्याने समोरच्याचं शस्त्र नुसत्या हाताने मोडावं की नाही. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, एक जण (त्याला डीएम म्हणतात) गोष्ट चालवतो आणि शंका येईल तिथे फासे निकाल देतात. यातला मंक हा बिनहत्यारी लढवय्या. खेळ १९७४ चा आणि मंक त्यात १९७५ मध्येच आला, म्हणजे तसा जुना भिडू.

मी सगळ्यात जास्त खेळलो ती २००३ ची साडेतिनावी आवृत्ती. तिच्यात शस्त्र मोडण्याच्या डावाला सन्डर म्हणतात. दोघांनी वीस बाजूंचा फासा टाकायचा, ज्याची बेरीज जास्त त्याची सरशी. दोन हातांनी धरायच्या शस्त्राला चार जास्त, हलक्या शस्त्राला चार कमी. आता गंमत बघा, मंकची मूठ ही नियमाने हलकं शस्त्र. म्हणजे मोठ्या तलवारीपुढे बिचारा आठने मागे राहूनच सुरुवात करतो. त्यात या डावाची खास तालीम घेतलेली नसेल तर समोरच्याला आधी एक फुकटचा वार मिळतो तो वेगळाच.

एवढं करून मूठ बसली तरी पुढे कठीणपणा आडवा येतो. पोलादी पात्याचा कठीणपणा १०. म्हणजे प्रत्येक फटक्यातले पहिले दहा वाया, उरेल तेवढंच पात्याला लागणार. पहिल्या लेव्हलचा मंक सहा बाजूंचा फासा टाकतो, अंगात बऱ्यापैकी जोर असेल तर त्यात तीन मिळवतो. नशीब कितीही जोरावर असलं तरी नऊ! वस्तूंवर क्रिटिकल लागत नाही, तेव्हा तीही आशा नाही. हां, छोट्या कुऱ्हाडीचा लाकडी दांडा असेल तर गोष्ट वेगळी. त्याचा कठीणपणा ५ आणि दम २, फाशावर चार किंवा जास्त पडले की दांडा मोडला.

इथे बरेच डीएम वैतागतात. सिनेमातले गुरुजी एका फटक्यात काय काय मोडतात आणि आपल्या मंकला साधी तलवार वाकवता येत नाही म्हणजे काय? मग घरचा नियम निघतो: मंकच्या मुठीला कठीणपणा लागू नाही. ऐकायला झकास वाटतं. मी मात्र त्याच्या पूर्ण विरोधात आहे.

कारण हा नियम चालताना मी पाहिलाय. आमच्या गटात एक मुलगा होता, पहिल्यांदाच खेळणारा. तिसऱ्या लेव्हलला त्याने +१ ची लांब तलवार घेतली. तिची पुस्तकातली किंमत २,३१५ सोन्याची नाणी आणि त्या लेव्हलच्या पात्राची एकूण मालमत्ता धरलेली असते २,७००. म्हणजे गड्याने घरदार विकूनच तलवार घेतली म्हणा ना. तिला त्याने नाव ठेवलं होतं, वहीत तिचं चित्र काढलं होतं. पुढच्याच आठवड्यात डीएमने पाचव्या लेव्हलचा एक मंक शत्रू म्हणून आणला आणि घरच्या नियमाने दुसऱ्या फेरीत तलवारीचे दोन तुकडे केले. पुस्तकाप्रमाणे त्या तलवारीचा कठीणपणा १२ आणि त्या मंकचा मोठ्यात मोठा फटका ११. साधा ओरखडा उठला नसता. मुलगा काही बोलला नाही. वहीतल्या यादीत तलवार खोडून त्याने 'मूठ' लिहिलं (तलवारीची), आणखी दोनदा आला, मग कामं निघायला लागली.

"अरे, हा खेळच कल्पनेचा, त्यात उंचावरून पडूनही मंकला फारसं लागत नाही, मग मुठीचंच एवढं काय?" असं मला त्या डीएमने विचारलं होतं. पण माझा आक्षेप वास्तवाचा नाहीच. कुऱ्हाडवाला जेव्हा तुमची तलवार मोडायला येतो तेव्हा त्याच्याही हातात मोडण्यासारखं काहीतरी असतं. मंकच्या हातात नसतं. मूठ ही वस्तू नव्हे, तिला सन्डर करता येत नाही. म्हणजे एकाच्या पानात सगळी पुंजी मांडलेली आणि दुसरा काहीच न लावता खेळतोय. कठीणपणा आणि ती चारची तूट मला या फुकटेपणाची किंमत वाटते. ती माफ केली की उरतो तो नुसता दरोडा.

आता पुस्तकाचंही सगळं बरोबर आहे असं नाही. सोळाव्या लेव्हलला मंकची मूठ अॅडमंटाइनसारखी होते, म्हणजे विसाच्या आतला कठीणपणा तिच्यापुढे शून्य. +५ च्या तलवारीचा कठीणपणा नेमका वीस भरतो, त्यामुळे ती तिथेही टिकते. हा बारकावा मला फार आवडतो. पण पोलादासमोर सोळाव्या लेव्हलपर्यंत ताटकळायचं? तितक्या वर आमचा कुठलाच गट पोचला नाही. नंतर २००९ च्या पाथफाइंडरने एक शहाणपणा केला. निम्म्याहून जास्त मार बसला की शस्त्र 'मोडकं' होतं, वार आणि इजा दोन्हींत दोन कमी, पण हातात राहतं आणि दुरुस्त होतं. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने तर खेळाडूंच्या पुस्तकातून हा डावच काढून टाकला. भांडण नको म्हणून दुकानच बंद करण्यातला प्रकार.

मला विचाराल तर आठव्या लेव्हलपासून मंकला कठीणपणा निम्मा धरावा, आणि पात्याने जेवढा मार गिळला त्याच्या निम्मा त्याच्याच हाताला लागावा. आकडे मांडून पाहिले. त्या +१ तलवारीचा दम १५. दहा बाजूंचा फासा आणि वर तीन, असा मंक ती तोडायला पाच-सहा फटके घेईल आणि स्वतःचे चाळीसेक हिट पॉइंटपैकी पंधराएक घालवेल. तेवढ्या वेळात तलवारवाल्याला पळायला, तह करायला किंवा तलवार म्यान करून कुस्तीला उतरायला सवड मिळते. लाकडी दांड्यांना मात्र यातलं काही नको, ते पहिल्या लेव्हलपासून खुशाल मोडा. भाल्याचा दांडा नवा बसवता येतो, आणि तिसऱ्या लेव्हलला त्यात कोणाचं घरदार गुंतलेलं नसतं.