थांबा बांधण्याआधी विचारा

केजहून अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात जायचे तर एस.टी.ला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो घराच्या उंबऱ्यापासून एस.टी.च्या पायरीपर्यंत. हे आम्हाला गेल्या महिन्यात कळले, मोहल्ल्यातल्या एका चाचांना तपासणीला घेऊन निघालो तेव्हा. लहानपणी पोलिओ झालेला, त्यामुळे दोन्ही हातांत कुबड्या. नालीवरची हलती फरशी, मग उंच झालेला सिमेंटचा रस्ता, मग थांब्याचा ओटा. कोणता थांबा ते लिहीत नाही, असे थांबे सगळीकडेच आहेत. त्या ओट्याला उतार केलेला होता. चाचा खाली उभे राहून त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बेटा, ये मेरे को चढाने के वास्ते बनाए, के गिराने के वास्ते?"

उताराचा हिशेब साधा आहे. एक फूट उंची चढायची तर उतार निदान बारा फूट लांब हवा. इथे दीड फूट उंचीला जेमतेम चार फूट लांबी होती. म्हणजे बांधणाऱ्याच्या मनात अपंग माणूस आला होता, सिमेंटही खर्च झाले. फक्त त्या माणसाला कोणी विचारले नव्हते.

विचारायचे तरी एकालाच नाही. आमच्या ओळखीचे एक हाफिजसाहेब आहेत, त्यांना दिसत नाही. चाचांची गोष्ट त्यांना सांगितली आणि म्हणालो, थांबा रस्त्याच्या पातळीलाच असता तर किती बरे झाले असते! ते हसले. त्यांचे म्हणणे उलटे. काठीला कड लागते तेव्हा त्यांना समजते की इथे थांबा संपला, पुढे गाड्या आहेत. कडच काढून टाकली तर ते बोलता बोलता रस्त्यावर जातील. एकाची अडचण ती दुसऱ्याची खूण. दोघांना एकत्र बसवले तरच वाट निघते : जाण्यायेण्याच्या जागी सपाट उतार आणि त्याच्या तोंडाशी उठावाच्या ठिपक्यांची फरशी, जी पायाला आणि काठीला कळते. रेल्वे फलाटाच्या कडेला ती पिवळी फरशी आपण पाहिलेली असते. जपानच्या सेइची मियाके यांनी ती १९६५ मध्ये शोधली, दृष्टी जात चाललेल्या एका मित्रासाठी. १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसली. आपल्याकडे मात्र तीच फरशी कुठे कुठे विजेच्या खांबाला जाऊन भिडते!

सायकलवाटेचेही तेच. ब्रिटनमध्ये सायकलची वाट थांब्याच्या मागून नेली, सायकलवाले सुखी झाले. पण बसपर्यंत पोहोचायला अंध माणसाला ती वाट ओलांडावी लागते आणि सायकलचा आवाज येत नाही. तिथल्या अंधांच्या संघटना वर्षानुवर्षे यावर भांडत आहेत. आपल्या भागात अशा वाटा उद्या होतील तेव्हा मोटारसायकली घुसू नयेत म्हणून तोंडाशी खांब रोवले जातील. हाताने फिरवायची तीनचाकी त्या खांबांतून जाईल का, हे तीनचाकीवाल्याशिवाय कोण सांगणार?

कायद्यात हे सगळे आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला. बसथांबे, तिकीट खिडकी, शौचालय यांचा त्यात उल्लेख आहे. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने, स्वतः दृष्टिबाधित असलेल्या राजीव रतुरी यांच्या याचिकेवर, सांगितले की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. शिवाय आपल्या राज्यात नगरपंचायतीने आणि ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. केज असो की युसूफवडगाव, ते पैसे कशावर गेले हे ग्रामसभेत, नगरपंचायतीत कोणीही विचारू शकतो. आपल्यातले किती जण विचारतात?

दुसऱ्यांना बोल लावताना आम्हालाही थोडी लाज वाटली. हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) या अंध सहाबींची गोष्ट आपण मुलांना सांगतो. ते विचारायला आले तेव्हा प्रेषित (स.) कुरैशच्या सरदारांशी बोलण्यात गुंतले होते, आणि त्यावरून सूरह 'अबस' उतरली. पुढे हेच सहाबी मदीनेत अजान देत, प्रेषित (स.) बाहेर गेले की मदीनेचा कारभारही त्यांच्यावर सोपवला जाई. आणि आपल्या मशिदींत? वजूच्या जागेला पायऱ्या, ओली गुळगुळीत फरशी, धरायला कठडा नाही. चाचा बरीच वर्षे घरूनच वजू करून येतात. आम्हाला वाटायचे, त्यांची सवय असेल.

बायकांचे तर आणखी अवघड. मतिमंद मुलाला कडेवर घेऊन बसची वाट बघणारी आई कोणत्या बैठकीला येणार? बैठक संध्याकाळी, तीही कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर. तिच्याकडे जावे लागेल, घरी बसून ऐकावे लागेल.

परवा चाचांसाठी अर्ज लिहून दिला. शेवटी सवयीने लिहिले, 'कृपया मेहेरबानी व्हावी.' त्यांनी वाचून घेतले, ती ओळ खोडायला लावली आणि तिथे लिहवून घेतले, 'नवा थांबा आखाल त्या दिवशी मला आणि हाफिजसाहेबांना बोलवावे. आम्ही येऊ.'