पासवर्ड न टाकताही धोका?

औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेत बसलात, की फोन आपोआप आजूबाजूची वाय-फाय शोधू लागतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये लिनक्स कर्नलमध्ये सापडलेल्या बगना तेवढंच पुरेसं होतं. कर्नल म्हणजे हार्डवेअर आणि अ‍ॅप यांच्यातला गाभा. अँड्रॉइडही त्यावरच उभं आहे.

राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा ‘मी इथे आहे’ असा बीकन सोडतो. जर्मनीतल्या डार्मस्टाट टेक्निकल युनिव्हर्सिटीतल्या झोन्के हुस्टरला दिसलं, की मुद्दाम बिघडवलेला बीकन वाचताना कर्नलची मेमरीच गडबडते. म्हणजे ‘फुकटचं वाय-फाय जोडू नका’ हा नेहमीचा सल्ला इथे बिनकामाचा! हल्लेखोर मात्र रेंजमध्ये हवा.

लिनक्सची दुरुस्ती काही दिवसांतच आली. उबंटूवाल्यांनी अपडेट मारलं, विषय संपला. अँड्रॉइडच्या बुलेटिनमध्ये ती यायला जानेवारी २०२३ उजाडलं, आणि त्यानंतर ती तुमच्या फोनपर्यंत पोचवणं कंपनीच्या मर्जीवर. खरा घोळ इथेच आहे. स्वस्त फोनचे अपडेट दोन-तीन वर्षांत थांबतात. फोन मात्र आपण पाच वर्षं वापरतो. गंमत म्हणजे बग २०१९ च्या ५.१ आवृत्तीपासूनचे, त्यामुळे त्याआधीचं कर्नल असलेले जुने फोन यातून सुटले. यातून, बाकीच्यातून नव्हे. सेटिंगमध्ये ‘सिक्युरिटी अपडेट’ची तारीख बघा जरा.