संगणकाची भाषा आणि आपण कला शाखेचे विद्यार्थी

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने प्रोग्रामिंग शिकावे, वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने हिशेबाचे सॉफ्टवेअर शिकावे आणि कला शाखेच्या विद्यार्थ्याने स्पर्धा परीक्षेची पुस्तके वाचावीत, अशी एक वाटणी आपल्याकडे कोणी न सांगताच झालेली आहे. ही वाटणी मला मान्य नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. ज्यांच्या मागे कोणी सांगणारे नसते, त्यांना अशा अलिखित वाटण्याच नियम वाटू लागतात. म्हणूनच हा विषय मला केवळ संगणकाचा वाटत नाही.

आज ज्या भाषांचा बोलबाला आहे, त्या जावा, सी प्लस प्लस, पायथन या भाषांना ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ म्हणतात. नाव ऐकूनच धास्ती वाटावी असे आहे. परंतु या कल्पनेचा उगम पाहिला तर ती धास्ती उरत नाही. नॉर्वेतील ओस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड या दोघांनी १९६० च्या दशकात ‘सिम्युला’ नावाची भाषा तयार केली. रांगा, कारखान्यातील कामे असे प्रत्यक्ष जगातील व्यवहार यंत्रावर उभे करून पाहावेत, हा तिचा हेतू होता. क्लास आणि ऑब्जेक्ट या कल्पना १९६७ च्या सिम्युलात स्पष्ट रूपाने आल्या. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेत ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्मॉलटॉक’ ही भाषा घडविली आणि ती चक्क शाळकरी मुलांना शिकवून पाहिली. त्याच दशकात न्यूगार्ड नॉर्वेतील धातुकामगारांच्या संघटनेबरोबर काम करीत होते. कारखान्यात येणारे संगणक कामगारांना समजले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. ज्या विद्येच्या जनकाला ती कामगारांपर्यंत न्यावीशी वाटली, ती कला शाखेच्या विद्यार्थ्यांना झेपणार नाही असे कोणी कशावरून ठरवावे?

मग अडते कुठे? माझ्या मते ती शिकविण्याच्या क्रमात अडते. तालुक्याच्या एका खाजगी क्लासमध्ये पहिल्याच दिवशी फळ्यावर ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’ ही ओळ लिहून दिली गेली आणि “हे पाठ करा, अर्थ नंतर कळेल” असे सांगितले गेले. तो ‘नंतर’ काही आला नाही. आठवड्याभरात निम्मी मुले यायची थांबली आणि ‘आपल्याला जमत नाही’ एवढेच शिकून गेली. पाया न घालता कळस चढविण्याचा हा प्रकार आहे.

पायऱ्या कशा असाव्यात, हे आपल्या घरातल्याच उदाहरणाने सांगते. माझी आई महिला बचत गटात आहे. समजा, या गटाचा हिशेब संगणकावर मांडायचा आहे. एका सभासदाची बचत १०० रुपये. या रकमेला एक नाव देऊन ती साठवून ठेवायची, ही पहिली पायरी. हप्ता उशिरा आला तरच दंड लावायचा, ही अट म्हणजे दुसरी पायरी. हेच काम वीस सभासदांसाठी पुन्हा पुन्हा करायचे, ही तिसरी. ५,००० रुपये कर्जावर दरमहा २ टक्क्यांनी १०० रुपये व्याज होते. हे गणित दहा ठिकाणी न लिहिता एकदाच लिहून त्याला नाव द्यायचे, म्हणजे फंक्शन, ही चौथी पायरी.

येथवर आले की अडचण आपोआप समोर उभी राहते. प्रत्येक फंक्शनला सभासदाचे नाव, बचत, कर्ज हे सारे वेगवेगळे द्यावे लागते आणि एकीची बचत दुसरीच्या नावावर पडण्याची भीती असते. तेव्हा वाटते, ही माहिती आणि तिच्यावर करायची कामे एकत्र बांधता आली तर? हीच क्लासची गरज. ‘सभासद’ हा क्लास म्हणजे कोरा छापील नमुना, आणि त्या नमुन्यावर भरलेली प्रत्येक बाईची नोंद म्हणजे ऑब्जेक्ट. शिल्लक कोणी परस्पर खोडू नये, ती भरणा किंवा परतफेड यांतूनच बदलावी, हा वहीचा नियम येथेही पाळता येतो. गरज आधी आणि कल्पना मागाहून आली, तर ती पाठ करावी लागत नाही.

यापुढची पायरी तर आपल्याच अंगणातली आहे. एका क्लासचे गुण दुसऱ्याने घेणे याला इनहेरिटन्स, म्हणजे वारसा म्हणतात. मग ‘अध्यक्ष’ हा सभासदापासून निघालेला वेगळा क्लास करावा काय? नवशिक्याला तसे करण्याचा मोह होतो. परंतु अध्यक्ष बदलते. आजची अध्यक्ष उद्या साधी सभासद असते. म्हणजे अध्यक्षपद ही माणसाची जात नव्हे, ते काही काळापुरते पद आहे. ते सभासदाच्या नोंदीत एक रकाना म्हणूनच शोभते. व्यक्ती आणि तिची भूमिका यांतला हा भेद समाजशास्त्राच्या तासाला आपण शिकतोच. हे ठरविणे यंत्राचे काम नाही, विचाराचे आहे.

राहिला इंग्रजीचा प्रश्न. पायथनच्या २००८ पासूनच्या तिसऱ्या आवृत्तीत क्लासला आणि फंक्शनला देवनागरीत नावे देता येतात. त्या भाषेचे राखीव इंग्रजी शब्द अवघे ३५ आहेत. चुकीचे संदेश मात्र इंग्रजीत येतात आणि ते वाचायला शिकावेच लागते; पण ३५ शब्दांच्या भीतीने अख्खी विद्या सोडणे शहाणपणाचे नव्हे.

कोणी म्हणेल, आता यंत्रच प्रोग्रॅम लिहून देते, मग हा खटाटोप कशाला? पण यंत्राने लिहिलेल्या हिशेबात व्याज चुकले आहे, हे ओळखायला तो हिशेब वाचता आला पाहिजे. निरक्षर माणसाचा अर्ज दुसऱ्याने लिहिला, तरी खाली अंगठा त्याचाच उमटतो. आपल्या आजोबांच्या पिढीने हे पुरेपूर भोगले आहे.

म्हणून आपल्या प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे की, कॉलेजची संगणक प्रयोगशाळा आठवड्यातून दोन तास कला शाखेसाठी उघडी ठेवावी आणि सुरुवातीचे धडे मराठीतून, आपल्या ओळखीच्या उदाहरणांनी व्हावेत. आणि मित्रमैत्रिणींनो, आपणही पहिल्या पायरीला कमी लेखू नये. वीस ओळींचा बचत गटाचा हिशेब स्वतः समजून लिहिता येणे, हे दोनशे ओळी उतरवून काढण्यापेक्षा केव्हाही मोलाचे आहे.

(द्वितीय वर्ष, कला)