दर्जाचा पहारा कोठे?

शाळा अर्ध्यावर सोडलेल्याने विद्यापीठाची पायरी चढू नये, हा संकेत इतका अंगवळणी पडला आहे की त्यातील अन्याय कोणास जाणवतही नाही. शाळा सुटते ती बहुधा बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे. घरात मिळवते हात अपुरे असतात, धाकटी भावंडे सांभाळायची असतात, मुलीचे लग्न उरकलेले असते. दाखल्याचा आग्रह धरणारी विद्यापीठे ही कारणे पाहत नाहीत आणि दारिद्र्याची नोंद अपात्रता म्हणून करतात.

हा संकेत मोडण्याचे धैर्य ब्रिटनमधील मजूर पक्षाच्या सरकारने दाखविले. स्कॉटलंडमधील एका खाणकामगाराच्या कन्या जेनी ली यांनी मंत्रिपदावरून या योजनेची धुरा वाहिली आणि १९६९ साली तेथील मुक्त विद्यापीठास सनद मिळाली. १९७१ साली अध्यापन सुरू झाले तेव्हा सुमारे २४ हजार विद्यार्थी दाखल झाले. प्रवेशास दाखल्याची अट नव्हती. पदवीची कसोटी मात्र अन्य विद्यापीठांच्या तोडीची होती. या दोहोंच्या मध्ये पायाभूत अभ्यासक्रम, टपालाने येणारे पाठ, नभोवाणी-दूरचित्रवाणीवरील व्याख्याने आणि स्वाध्याय तपासणारे शिक्षक होते. दर्जाचा पहारा दाराशी नव्हे, अध्यापनात व अंतिम परीक्षेत असावा, हे तत्त्व तेथे व्यवहारात उतरले.

भारतात १९८२ साली हैदराबादला, १९८५ साली दिल्लीला इंदिरा गांधी यांच्या नावे आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण यांच्या नावे मुक्त विद्यापीठे स्थापन झाली. बारावी न झालेल्या प्रौढांसाठी नाशिकने पूर्वतयारीचा शिक्षणक्रम आखला. परंतु विद्यापीठाने दिलेली सवलत सरकारी कचेरीने हिरावून घ्यावी, असेही घडले. दहावी-बारावीच्या पायऱ्या न चढता मिळविलेली मुक्त विद्यापीठाची पदवी सरकारी नोकरीस ग्राह्य नाही, असा आदेश तमिळनाडू सरकारने २००९ साली काढला. ज्याने पदवीची परीक्षा दिली, त्याच्याकडे पुन्हा शालेय दाखला मागणे म्हणजे दर्जाची राखण नव्हे, केवळ जुन्या चाकोरीची राखण होय.

मुक्त प्रवेशामुळे गळती वाढते, हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. पण त्यावरील उपाय अधिक शिक्षक, जवळचे अभ्यासकेंद्र आणि मातृभाषेतील चांगली पुस्तके हा आहे. दार लावून घेणे हा नव्हे. आणि दार दाखल्यानेच बंद होते असेही नाही. इंग्लंडमध्ये २०१२ साली सरकारने अध्यापनाच्या अनुदानाला कात्री लावली, शुल्क भरमसाट वाढले आणि अर्धवेळ शिकणाऱ्या प्रौढांची संख्या झपाट्याने घटली. जेनी ली यांनी उघडलेले दार कोणताही प्रवेशनियम न बदलता अरुंद झाले.

म्हणूनच केवळ प्रवेशाची मागणी पुरेशी नाही. पूर्वतयारीचे मोफत वर्ग, कामगारांच्या पाळ्यांशी जुळणाऱ्या वेळा, परवडणारे शुल्क आणि पदवीस नोकरीत पूर्ण मान्यता, या चारही मागण्या एकत्र मांडल्या पाहिजेत. गिरणी, शेत आणि मोलकरणींच्या वस्त्या येथे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्या हाती घ्याव्यात. कारण शिकण्याची संधी एकदा हुकलेली माणसे तेथेच आहेत.